चिठ्ठीवरचं गाव

गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर गुरुजी जिथं कुठं असतील तिथं अस्वस्थ होतील आणि म्हणतील, ‘बाई, तुमाले कोनी विचारलं होतं का?’ मोहाडी तालुक्यात, करडीच्या पुढं, एवढं पुरे. तेवढंही त्यांना जास्तच वाटलं असतं.

मी त्या शाळेत लागले तेव्हा आणीबाणी नुकतीच उठली होती. वय बावीस. शहापूरहून निघून, दोन एसट्या बदलून मी पोचले आणि बौद्धांच्या मोहल्ल्यात भागरता आत्याकडे राहिले. आत्या म्हणजे वडिलांची चुलत बहीण. पावसाळ्यात धानाच्या रोवणीला आणि उन्हाळ्यात सरकारी कामावर मजुरीला जायची. पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी हजेरीपटावर सही घेतली आणि म्हणाले, आता गुरुजींना भेटून या, नाहीतर ते मनात धरतील.

गुरुजी चित्रकला शिकवायचे. पन्नाशी उलटलेली, अंगानं सडसडीत, पांढरा पायजमा, पांढरी टोपी. शाळेच्या टोकाची एक खोली त्यांच्या ताब्यात होती आणि तिला सगळं गाव अजब बंगला म्हणे. आमच्या भागात म्युझियमला अजब बंगलाच म्हणतात, मग तो बंगला असो की कौलं गळणारी खोली. दाराला तीन कुलुपं. किल्ल्या कमरेच्या करदोड्याला बांधलेल्या, त्यामुळे दार उघडायचं म्हणजे गुरुजी आधी आपल्याला पाठ फिरवून उभं करणार, मग सदरा वर करणार, मग किल्ली शोधणार. बायकांसमोर संकोच म्हणून हे करतात असं मला वाटलं होतं. नंतर कळलं, पुरुषांनाही पाठ फिरवावीच लागे. कोणती किल्ली कोणत्या कुलपाची हे कुणाला दिसू नये म्हणून.

आत जायच्या आधी एक जाडजूड वही भरायची. नाव, वडिलांचं नाव, गाव, येण्याचं कारण. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, पाहणे. त्यांनी विचारलं, काय पाहणे? मी म्हटलं, जे असेल ते. मग त्यांनी विचारलं, आत काही आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? मुख्याध्यापकांचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी मान अशी हलवली की बिचारे मुख्याध्यापकही त्या दिवसापासून त्यांच्या यादीत चढले असावेत.

आत दोन काचेची कपाटं, एक लाकडी मांडणी, भिंतीशी टेकवलेले दगड. तांबड्या-काळ्या खापऱ्या, मातीचे मणी, एक शिंग मोडलेला मातीचा बैल, हिरवी पडलेली तांब्याची नाणी, जात्याची पाळी. प्रत्येक वस्तूखाली डिंकानं चिकटवलेली चिठ्ठी आणि तिच्यावर गुरुजींच्या देखण्या अक्षरात गावाचं नाव. हे इथं सापडलं, ते तिथं सापडलं. मी बघत होते आणि गुरुजी माझ्या हातांकडे बघत होते. दहा मिनिटांनी त्यांनी सहज विचारलं, वडिलांचं नाव काय म्हणाल्या होत्या? मी वहीत लिहिलंय, असं मी जरा तोडूनच सांगितलं. ते म्हणाले, लिहिलेलं वाचता येते मले, तोंडचं ऐकून राहिलो. खोटं नाव सांगणाऱ्याला दहा मिनिटांत आपलं नाव आठवत नाही, हा त्यांचा सिद्धान्त होता.

घरी आले तर आत्याचा वेगळाच इशारा. त्या मास्तरापासून जरा दूर राह्य, त्याले हंडा गावला होता म्हनतेत, म्हणाली. गावातल्या निम्म्या लोकांची खात्री होती की गुरुजींना सोन्याचा हंडा सापडलाय आणि खापऱ्यांचं दुकान हे नुसतं सोंग आहे. उरलेल्या निम्म्यांची खात्री होती की हंडा सापडलेला नाही, पण ते शोधताहेत. गुरुजी गावावर संशय घेत, गाव गुरुजींवर घेई, आणि एकंदरीत हिशेब चुकता होता. नव्यानं आलेली मी कोणत्या बाजूला जाते यावर दोन्हीकडचं लक्ष होतं.

भिंतीशी ठेवलेल्या दगडांत एक दगड उलटा होता, तोंड भिंतीकडे. आठवड्याभरानंतर मी विचारलं, हा असा का? गुरुजींनी दाराबाहेर कोणी नाही ना हे पाहिलं, दगड थोडा फिरवला. अर्धं कमळ कोरलेलं होतं. पाकळ्या एकेक मोजता येतील इतक्या स्वच्छ. त्यांनी तो पुन्हा भिंतीकडे केला आणि सरळ म्हणाले, तुमच्या लोकांना दगड दिसला की बुद्ध दिसतो, उद्या मोहल्ल्यातून मोर्चा येईल. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आणि तुमच्या लोकांना दगड दिसला की शेंदूर सुचतो. शाळेत लागून मला आठच दिवस झाले होते आणि समोर सगळ्यात जुना शिक्षक होता, पण तोंडून निघून गेलं.

“तेई खरं आहे,” ते म्हणाले. “म्हनूनच तं भिंतीकडे तोंड आहे त्याचं.”

त्या दिवसापासून मला अजब बंगल्यात बसायला खुर्ची मिळाली. वही मात्र दर वेळी भरावीच लागे.

सुट्ट्या लागल्या की गुरुजी म्युझियमं बघायला जात. लोक तीर्थाला जातात तसे. कधी नागपूर, कधी त्याहून लांब, एखाद्या राजेसाहेबांच्या पडक्या दिवाणखान्यात कुणी चार मूर्ती मांडल्या असल्या तरी तिथंही. एका दिवाळीत त्यांनी मला आणि काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, बरोबर नेलं. शेजारच्या जिल्ह्यातलं छोटं सरकारी म्युझियम होतं. एसटीत चढण्यापूर्वीच आम्हाला ताकीद मिळाली की तिथं आपण गोंदियाचे धानाचे व्यापारी आहोत. म्हणजे गुरुजी व्यापारी, काकू व्यापाऱ्याची बायको, आणि मी पुतणी. मी म्हटलं, पण का? तर म्हणाले, मास्तर म्हटलं की लोक विचारतात, तुमच्या गावात काय आहे? व्यापाऱ्याला कोणी काही विचारत नाही.

तिथल्या वहीत त्यांनी खोटं नाव लिहिलं आणि तेही इतकं झोकात की मला वाटलं, सवयीचं असावं. मग म्युझियम बघणं सुरू झालं. गुरुजी मूर्तीच्या समोर कधी उभे राहत नसत. तोंड सगळेच बघतात, म्हणायचे. ते मूर्तीच्या मागं जात, खाली वाकत, बैठकीचा तळ बघत. पण सगळ्यात जास्त वेळ कपाटांतल्या धुळीकडे बघण्यात जाई. वस्तू ठेवली की भोवती धूळ बसते आणि वस्तू उचलली की तिथं स्वच्छ ठसा राहतो. एका कपाटासमोर ते थांबले, मला खूण केली. दोन मूर्तींच्या मधे वाटीएवढी गोल स्वच्छ जागा होती. त्यांनी चौकीदाराला गोंदियाच्या व्यापाऱ्याच्या सुरात विचारलं, इथलं काय झालं बा? चौकीदार म्हणाला, साफ कराले नेलं आहे. गुरुजींनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. बाहेर आल्यावर काकूंनी सोडलेल्या डब्यातली भाकर खाताना म्हणाले, एवढी धूळ आहे तिथं, अन् साफ कराले एकच वस्तू नेली.

“बाई, एक ध्यानात ठेवा. चिठ्ठी खोटं बोलते, मानूस खोटं बोलते. धूळ बोलत नाही.”

काकू मला हळूच म्हणाल्या, लग्न झाल्यावर पहिल्या दिवाळीला माझ्या माहेरी आले तर देवघरातले देव उलटे करून पाहत होते. आम्ही दोघी हसलो. गुरुजींनी लगेच विचारलं, काय म्हणत होती ती?

चिठ्ठी खोटं बोलते हे त्यांनी असंच म्हटलं असं मी धरलं होतं. पुढल्या उन्हाळ्यात मामेबहिणीच्या लग्नाला बपेऱ्याला गेले. तिथं आठवलं, आपल्या अजब बंगल्यातला तो शिंगमोडका बैल बपेऱ्याचा. चिठ्ठीवर तसं लिहिलंय. मांडवात बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं. कोणालाही ठाऊक नाही. असला बैल कधी निघाला नाही, कोणी गुरुजी कधी आले नाहीत, आणि मला हे सगळं कशाला हवंय याची चौकशी मात्र लग्न संपेपर्यंत चालली. शाळा उघडल्यावर मी गुरुजींना गाठलं. वाटलं होतं, ओशाळतील. ते खुश झाले. मले वाटलंच होतं तुम्ही एक दिवस जाऊन पाहाल, म्हणाले.

मग दार लावून सगळं सांगितलं. फार पूर्वी शहरातून एक गृहस्थ आला होता, गळ्यात कॅमेरा, बोलणं गोड. चहा प्याला, चिठ्ठ्या वाचल्या, वाहवा केली. पंधरा दिवसांत चिठ्ठीवरच्या दोन जागा खणून निघाल्या आणि तिथं जे काय असेल ते गेलं. तेव्हापासून गुरुजींनी ठरवलं, चिठ्ठीवर खरं गाव लिहायचंच नाही. जुन्या चिठ्ठ्या काढल्या, नव्या लावल्या. गावं निवडतानाही विचार केलेला. बपेरा सरहद्दीवर, मध्य प्रदेशाला लागून, म्हणजे चोर खणायला गेला तर दोन राज्यांच्या पोलिसांत अडकेल. शहापूर रस्त्यावरचं, चोवीस तास ट्रकांची वर्दळ, तिथं कोण खणणार? मी म्हटलं, मग खरं गाव कुठं लिहिलंय? त्यांनी टोपीवर बोट टेकवलं. मी म्हटलं, उद्या तुम्हाला काही झालं तर? ते म्हणाले, तुम्ही हे काहून विचारता? आणि आठवडाभर माझ्याशी मोजकंच बोलले.

आता मी माझ्याबद्दल सांगते. संशय हा संसर्गाचा रोग आहे आणि मी त्या खोलीत रोज तासभर बसत होते. मी आत्याच्या घरी डाळीचे डबे उघडून बघायला लागले. पोस्टमन पत्र देताना पाकिटाचा डिंक तपासायला लागले. आणि एके दिवशी गुरुजी बाहेर पोरांना ओरडत असताना मी त्यांच्याच कपाटाकडे बघितलं, त्यांनी शिकवलेल्या डोळ्यांनी. वरच्या फळीवर तीन स्वच्छ ठसे होते. नाण्यांच्या पेटीएवढा एक, आणि दोन लहान गोल. तीन वस्तू नाहीशा होत्या. महिन्याभरानं बघितलं तर चौथा ठसा होता. मी विचारलं नाही. विचारलं तर ते सांगतील तेही खरं कशावरून? हंडा म्हणणारं गाव अगदीच येडं नसेल, असं प्रथमच वाटलं. मोठा पगार नव्हता त्यांना, आणि शहरातले गोड बोलणारे गृहस्थ त्यांच्या चांगल्याच ओळखीचे होते.

यात एक-दोन वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात रोजगार हमीचं काम निघालं. शाळेच्या मागं तलाव आणि तलावाला लागून रिठी. रिठी म्हणजे कधीकाळी उठून गेलेल्या गावाची जागा. आता तिथं पांढऱ्या मातीचं टेकाड, बाभळी, तरोट्याचं तण, आणि सकाळी लोटा घेऊन बसणारं अर्धं गाव. ठरलं असं की तलावाची पाळ, म्हणजे बांध, उंच करायची आणि त्यासाठी माती रिठीच्या टेकाडाची घ्यायची. सगळ्यांना आनंद झाला. दोन महिने हाताला काम आणि पुढं धानाला पाणी. आत्यानं घमेल्याचा काठ ठोकून सरळ केला.

त्या संध्याकाळी गुरुजी मोहल्ल्यात आले. ते आमच्या दारात पहिल्यांदाच येत होते. आत्यानं पाणी दिलं, ते त्यांनी न बघता पिऊन टाकलं, एरवी ते पाणीही उजेडात धरून बघायचे. मला बाजूला घेतलं.

“बाई, सगळं तिथलंच आहे,” ते म्हणाले. “बैल, नानी, मनी, कमळ. बपेरा नाई, करडी नाई, कुठलंच नाई. पंचवीस वर्सं मी त्या रिठीतूनच उचलून राहिलो.”

वीस गावांची नावं लिहिलेल्या त्या सगळ्या वस्तू शाळेपासून पाच मिनिटांवरच्या एका टेकाडातल्या होत्या; कॅमेरेवाल्यानं खणलेल्या दोन जागाही त्याच टेकाडातल्या. दर रविवारी पिशवी घेऊन ते जळण वेचायला जातो म्हणून तिथं जात. पावसानं ओघळ पडली, त्यात काही दिसायला लागलं, की ते उचलायचं आणि ओघळ मातीनं लिंपून वर तरोट्याचं बी फेकायचं. कोणाच्या नजरेला खापरीसुद्धा पडू नये म्हणून. आतमध्ये काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण कमळाचं दुसरं अर्धं तरी नक्की आहे, म्हणाले. ते टेकाड गेलं तर मग मी काय केलं आयुष्यभर? मला त्यांची दया आली, आणि दयेच्या पाठोपाठ लगेच ते स्वच्छ ठसे आठवले.

मी पुरातत्त्व खात्याला अर्ज लिहिला. गुरुजींनी तो चार वेळा फाडला, कारण दर वेळी त्यात जागेचं नाव येई. शेवटी मी त्यांना न दाखवता पोस्टात टाकला. पंधरा दिवसांत उत्तर आलं, साहेब पाहणीला येत आहेत, तोवर काम थांबवा. काम थांबलं. चाळीस मजूर घरी बसले. सरपंच गावभर सांगत सुटले की मास्तरला हंडा एकट्याला हवाय. आत्या भाकरी थापताना जरा जास्त आवाज करायची.

साहेब आले ते तरुण होते, शांत होते, जीपमधून उतरल्या उतरल्या चप्पल काढून अजब बंगल्यात शिरायला निघाले. गुरुजींनी त्यांना पाठ फिरवायला लावली. वही भरायला लावली. साहेबांनी हसून सगळं केलं. आत जाऊन वस्तू बघताना त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला, हे मी पाहिलं. कमळाच्या दगडासमोर तर ते उकिडवे बसले आणि पाकळ्यांवरून बोट न लावता हात फिरवला. मग त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या.

गुरुजींनी मधल्या दिवसांत घाईनं काही चिठ्ठ्या बदलल्या होत्या. नव्या चिठ्ठीवर ताज्या शाईत आपल्या गावाचं नाव, आणि खाली जुनी चिठ्ठी नीट निघाली नव्हती, तिचा कोपरा डोकावत होता. त्या कोपऱ्यावर बपेरा वाचता येत होतं. साहेबांनी शाळेची नोंदवही मागवली. तिच्यात वर्षानुवर्षं प्रत्येक वस्तूपुढं वेगवेगळी गावं, आणि खाली दर वर्षाच्या मुख्याध्यापकांची सही. गुरुजी म्हणाले, ते सगळं खोटं आहे. साहेबांनी विचारलं, कोणी लिहिलं? गुरुजी म्हणाले, मीच. खोलीत जमलेले लोक हसले. साहेब हसले नाहीत. एवढंच म्हणाले की कागदावर वीस गावं आहेत आणि तोंडी एक आहे, मी माझ्या वरिष्ठांना काय कळवू?

मग सगळे रिठीवर गेले. साहेबांनी टेकाड पायाखालून घातलं. वाकून वाकून पाहिलं. एक खापरी नाही. इतक्या वर्षांत गुरुजींनी ते टेकाड असं झाडून-लिंपून ठेवलं होतं की आमचं अंगणही तितकं स्वच्छ नसेल. ओघळींत तरोटा दाट माजलेला. खणून बघायचं तर वेगळी परवानगी, वेगळी माणसं, वेगळा खर्च, आणि त्यासाठी काहीतरी आधार हवा. सरपंच बाजूलाच उभे होते. थोड्या अंतरावर टिकास, फावडी, घमेली घेऊन मजूर उभे होते, त्यांत आत्या होती. साहेब माझ्याकडे वळले.

“बाई, अर्ज तुमचा आहे. तुम्ही चार वर्षं इथं आहात. या टेकाडातून एखादी वस्तू निघताना तुम्ही स्वतः पाहिली आहे का? एक जरी पाहिली असेल तर तुमचं निवेदन घेतो आणि काम थांबवायची शिफारस करतो.”

मी गुरुजींकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. तलावाकडे बघत होते, हात पाठीमागं बांधून, अगदी निवांत. तसे निवांत मी त्यांना कधीच पाहिले नव्हते.

“नाही,” मी म्हटलं. “पाहिली नाही.”

साहेबांनी वहीत लिहून घेतलं, आभार मानले आणि गेले. चार दिवसांनी काम पुन्हा सुरू झालं.

पहिल्याच आठवड्यात खापऱ्या निघायला लागल्या, घमेल्या-घमेल्यानं. बायका त्या बाजूला टाकत, कारण पायाला लागत. पुढं भाजलेल्या विटा निघाल्या, हातभर लांबीच्या. मी सकाळची शाळा सुटल्यावर रोज तिथं जाऊन उभी राहायचे. एका दुपारी आत्यानं मला हाक मारली. तिच्या टिकासाला कठीण लागलं होतं. तिनं आणि दुसऱ्या बाईनं माती काढली आणि कमळ वर आलं. अर्धं. मुकादमानं विचारलं, किती वजन भरेल, पाळीच्या दगडी भरावात चालेल का? मी त्या दगडावर बसले आणि उठले नाही, म्हणून तेवढा एक दगड वाचला. साहेबांना मी त्याच दिवशी पत्र लिहिलं. ते लगेच आले होते, खोटं कशाला सांगू, पण ते येईपर्यंत उरलेलं टेकाड पाळीवर जाऊन बसलं होतं आणि त्याच्यावरून बैलगाड्या जात होत्या. कुठल्या थरात काय होतं, भिंत कुठं होती, कमळ कुठं लागलेलं होतं, हे आता कोणी सांगू शकणार नव्हतं.

दगड निघाला त्या संध्याकाळी मी गुरुजींच्या घरी गेले. ते शाळेत येणं बंद करून बसले होते. ओसरीवर काकू धानाची ढोली रिकामी करत होत्या, आणि धानातून जुन्या धोतराच्या चिंधीत बांधलेली गाठोडी काढून एकेक बाजूला ठेवत होत्या. मी एक सोडून पाहिलं. नाणी होती, पेटीसकट. दुसऱ्यात मणी. म्हणाल्या, त्याईले वाटे शाळेतलं कपाट कोनी फोडन, म्हनून चांगलं चांगलं घरी आनून धानात पुरून ठेवे. आता म्हनतेत, घेऊन जा शाळेत. मी ती गाठोडी मोजली. चार होती. कपाटातले ठसेही चारच होते.

गुरुजी खाटेवर बसले होते. मी सांगितलं, कमळ निघालं, अर्धं, जोडून पाहिलं तर जुळेल. त्यांनी मान हलवली. पाकळ्या किती आहेत हेही विचारलं नाही. मी म्हटलं, गुरुजी, तुम्ही मला आधी सांगून का नाही ठेवलंत? साहेब काय विचारणार हे तुम्हाला कळत होतं. तुम्ही एक शब्द टाकला असता, की बाई, हो म्हणा.

“शिकवून हो म्हनवलं असतं तं ते माहं हो झालं असतं,” ते म्हणाले. “मले वाटलं होतं तुम्ही तुमचंच म्हनाल. मले काही शंकाच नव्हती बाई. म्हनून तं तलावाकडे पाहून राहिलो होतो.”

मला रडू आलं. ते पाहून त्यांना वाईट वाटलं असावं. माझी समजूत काढायला म्हणून ते पुढं म्हणाले, जाऊ द्या, तुमी खोटं बोलाले भ्याल्या. न पाहिलेलं पाहिलं कसं म्हनाव? मास्तरनीनं तसंच असाले पायजे. मनाले लावून घेऊ नका.

पण मी खोटं बोलायला भ्याले नव्हते. गोंदियाच्या व्यापाऱ्याची पुतणी म्हणून मी दिवसभर खोटं बोलले होते, अगदी आनंदानं. त्या टेकाडावर उभी असताना माझ्या मनात एकच गोष्ट होती. वाटत होतं, हा माणूस वस्तू विकतो, आणि आज मलाही फसवतोय.

हे तेव्हा सांगायला हवं होतं. मी पदरानं डोळे पुसले आणि म्हटलं, हो गुरुजी, भ्यालेच मी.

दहा मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा विचारणाऱ्या त्या माणसानं यावर काही विचारलं नाही. त्यांनी माझं ते लगेच खरं मानलं, आणि काकूंना माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.